पहिल्या बॅचआधीचे दोन दिवस

माननीय संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

विद्यापीठांमधील रिक्त प्राध्यापकपदांच्या बातम्या आपल्या दैनिकात वरचेवर येतात आणि तासिका तत्त्वावर राबणाऱ्या अध्यापकांची व्यथाही अधूनमधून मांडली जाते. या दोहोंच्या मागे उभा असलेला तिसरा माणूस, म्हणजे पीएच.डी. करणारा संशोधक विद्यार्थी, मात्र सहसा कोणाच्या नजरेस पडत नाही. सत्राच्या सुरुवातीला विभागाच्या फळ्यावर वेळापत्रक लागते, त्यात पहिल्या वर्षाच्या किंवा एम.एस्सी. भाग एकच्या प्रॅक्टिकलच्या एखाद्या बॅचसमोर त्याचे नाव असते, आणि पुढच्या सोमवारी सकाळी तो वीस-बावीस मुलांसमोर उभा असतो. तिथे उभे राहून नेमके काय करायचे असते, हे त्याला तोवर कोणीही सांगितलेले नसते. मी ३३ वर्षे रसायनशास्त्र शिकवून निवृत्त झाले आहे. त्या काळात असे बरेच विद्यार्थी मी स्वतः बॅचवर पाठवले, आणि त्यांतल्या पहिल्या काही वर्षांत त्यांना काहीही न सांगताच पाठवले, हेही इथे कबूल करायला हवे. म्हणून हे पत्र.

माझी स्वतःची सुरुवातही अशीच झाली होती. ऐंशीच्या दशकात मी पीएच.डी.साठी नाव नोंदवले, त्यानंतर महिनाभरातच एका गुरुवारी संध्याकाळी आमच्या मार्गदर्शक सरांनी जाता जाता सांगितले, "अगं, उद्यापासून एफ.वाय.ची शुक्रवारची बॅच तू घे." मुलांपेक्षा जेमतेम पाच वर्षांनी मोठी दिसत असल्यामुळे मी दुसऱ्या दिवशी मुद्दाम साडी नेसून गेले, तयारी म्हणून मला सुचलेली गोष्ट तेवढीच. प्रयोग साधा होता. ऑक्झॅलिक आम्लाच्या साहाय्याने सोडियम हायड्रॉक्साइडच्या द्रावणाची तीव्रता काढायची, इंडिकेटर फिनॉल्फ्थॅलिन, म्हणजे आम्ल संपले की द्रावण गुलाबी होते. हा प्रयोग मी स्वतः पुष्कळदा केला होता आणि त्यामुळे तो शिकवताही येईल, असे मी गृहीत धरले होते.

त्या काळी पिपेट, म्हणजे द्रावण मोजून घेण्याची काचेची नळी, तोंडानेच ओढत. दुसऱ्या टेबलावरच्या एका मुलाच्या पिपेटचे टोक द्रावणाच्या पातळीच्या वर आले, हवा आत शिरली आणि आम्ल उसळून थेट त्याच्या तोंडात गेले. तो बेसिनकडे धावला आणि मी जागच्या जागी थिजले. विभागातल्या अटेंडंट मामांनी हातातले काम टाकून त्याला पुन्हा पुन्हा चूळ भरायला लावली, जवळच्या स्टुलावर बसवले आणि मग माझ्याकडे बघून अगदी सहज विचारले, "मॅडम, टोक खाली बुडवून धरायचं सांगितलं नव्हतं का?" मी सांगितले नव्हते. माझा हात ते आपोआप करत असे आणि हाताला जे कळते ते तोंडाने सांगावे लागते, याची मला तोवर जाणीवच नव्हती. द्रावण सौम्य होते, म्हणून त्या दिवशी निभावले.

त्याच दिवसाची दुसरी गोष्ट मला अधिक बोचते. पहिल्या टेबलावरच्या मुलीने विचारले, "मॅडम, गुलाबी म्हणजे किती गुलाबी?" प्रश्न फार चांगला होता. त्याचे उत्तर म्हणून तिच्या फ्लास्कखाली पांढरा कागद ठेवायला हवा होता, एकेक थेंब टाकायला लावून रंग कधी टिकतो हे तिचे तिलाच बघू द्यायला हवे होते. मी काय केले, तर ब्युरेट (द्रावण थेंबाथेंबाने सोडण्याची, खुणा असलेली नळी) स्वतःच्या हातात घेतली, एण्डपॉइंट, म्हणजे रंग टिकतो ती जागा, काढून दाखवला आणि म्हणाले, "हे बघ, साधारण ९.८ यायला हवं." तास संपला तेव्हा २२ जर्नलांमध्ये ९.८, ९.८, ९.८ असे लिहून सी.बी.आर. (कॉन्स्टंट ब्युरेट रीडिंग, म्हणजे पुन्हा पुन्हा सारखेच येणारे माप) ९.८ झालेले होते. नंतर मामांकडून कळले की, शेवटच्या टेबलावर चुकून टी.वाय.च्या बॅचची बाटली गेली होती आणि तिथले उत्तर ११च्याही पुढे यायला हवे होते. त्या टेबलावरच्या चौघांचेही ९.८च आले होते. जर्नले चाळून सर कौतुकाने म्हणाले, "तुझी बॅच फारच अचूक आहे." बाटलीचे त्यांना सांगण्याचे धाडस मला झाले नाही.

हे इतक्या तपशिलाने लिहिण्याचे कारण असे की, संशोधक विद्यार्थ्यांच्या अध्यापन प्रशिक्षणाबद्दल बोलताना आपण ताबडतोब शिक्षणशास्त्राच्या मोठमोठ्या सिद्धान्तांकडे वळतो, आणि ज्या चुका प्रत्यक्षात होतात त्या अशा असतात: टोक बुडवायला न सांगणे, विद्यार्थ्याचे काम आपल्या हातात घेणे, उत्तर आधीच सांगून टाकणे. यांपैकी एकही चूक व्याख्यान ऐकून सुटत नाही. मागच्या बाकावर कोणी अनुभवी माणूस बसलेला असला आणि तासानंतर त्याने दोन गोष्टी सांगितल्या, तर मात्र ती बहुधा पुढच्याच आठवड्यात सुटते.

नियमांचे म्हणाल, तर ते आता आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात असे स्पष्ट म्हटले आहे की, पीएच.डी.ला प्रवेश घेणाऱ्या प्रत्येकाने, विषय कोणताही असो, आपल्या विषयाच्या अध्यापनाशी किंवा लेखनाशी संबंधित श्रेयांकाधारित अभ्यासक्रम पूर्ण करावेत आणि अध्यापन साहाय्यक म्हणून किंवा अन्य मार्गाने प्रत्यक्ष शिकवण्याचे किमान तास भरावेत. त्यानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ७ नोव्हेंबर २०२२ रोजी पीएच.डी.चे नवे विनियम अधिसूचित केले. त्यांत अध्यापन, शिक्षण, शिक्षणशास्त्र, लेखन यांचे प्रशिक्षण सर्व विद्याशाखांना बंधनकारक केले आहे, आणि ट्यूटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापन यांसाठी आठवड्याला ४ ते ६ तासांचे अध्यापन किंवा संशोधन साहाय्य विद्यार्थ्याकडे सोपवता येईल, असेही म्हटले आहे.

ही दोन्ही वाक्ये शेजारी शेजारी ठेवून वाचली की वाटेत काय सांडले ते दिसते. धोरणातले 'किमान तास' विनियमांत येईपर्यंत 'सोपवता येईल' झाले आहेत. शिवाय अध्यापन, शिक्षण, शिक्षणशास्त्र आणि लेखन हे शब्द विनियमांत एकापुढे एक तिरप्या रेघा मारून लिहिलेले आहेत. त्यामुळे शोधनिबंध कसा लिहावा यावर चार व्याख्याने ठेवली तरी नियम पाळला, असे म्हणण्याची सोय विभागाला मिळते. प्रशासकीय मराठीत तिरप्या रेघेइतकी सोयीची जागा दुसरी नाही. माझ्या ओळखीच्या संशोधक विद्यार्थ्यांपैकी बहुतेकांचे अध्यापनाचे प्रशिक्षण म्हणजे कोर्सवर्कमधला एक पेपर होता: ब्लूमची वर्गवारी, अध्यापनाची सूत्रे, मूल्यमापनाचे प्रकार, सारे पीपीटीवर आणि शेवटी वस्तुनिष्ठ प्रश्नांची परीक्षा. त्या पेपरात ८० गुण मिळवणारा मुलगा दुसऱ्या दिवशी बॅचवर गेला की पुन्हा ब्युरेट स्वतःच्याच हातात घेतो.

आपल्या व्यवस्थेतली एक विसंगती इथे नोंदवायलाच हवी. पहिलीच्या मुलाला शिकवायला डी.एड. लागते, नववीच्या मुलाला शिकवायला बी.एड. लागते, आणि बारावी झालेल्या मुलाला शिकवायला मात्र शिकवण्याचे कोणतेही प्रशिक्षण लागत नाही. नेट किंवा सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांच्या पहिल्या पेपरात ५० प्रश्न असतात, त्यांत अध्यापन अभियोग्यता हा एक घटक असतो, आणि त्यातल्या थोड्याशा प्रश्नांची उत्तरे ज्याने बरोबर खुणावली त्याला शिकवता येते, असे आपण धरून चालतो. १९८६च्या शैक्षणिक धोरणानंतर प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी अॅकॅडमिक स्टाफ कॉलेजे निघाली, पुढे त्यांची नावे बदलली, आज ती मालवीय मिशनच्या नावाने ओळखली जातात. परंतु तिथला ओरिएंटेशनचा वर्ग नोकरी लागल्यावर करायचा असतो आणि त्याची आठवण बहुतेकांना पदोन्नतीचा अर्ज भरताना होते. मी माझे ओरिएंटेशन नोकरीच्या सहाव्या वर्षी केले. चार आठवडे छान गेले, निरनिराळ्या विषयांच्या मैत्रिणी मिळाल्या, काही व्याख्याने खरोखर उत्तम होती. पण तोवर माझ्या चुका सवयीच्या झाल्या होत्या, आणि त्या चार आठवड्यांत मला शिकवताना कोणीही पाहिले नाही.

माझी भाची काही वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या मध्य-पश्चिम भागातील एका सरकारी विद्यापीठात पीएच.डी.साठी गेली. 'टीए' (टीचिंग असिस्टंटशिप, म्हणजे अध्यापन साहाय्यकाचे काम) मिळाली म्हणजे फी माफ होते आणि वर महिन्याला विद्यावेतनही मिळते, एवढा अर्थ आपल्याकडच्या पुष्कळ घरांना आता ठाऊक आहे. त्यापुढचा भाग मला तिच्याकडून कळला. ऑगस्टमध्ये सत्र सुरू होण्याआधी तीन दिवस तिच्या विभागातल्या सगळ्या नव्या अध्यापन साहाय्यकांना बोलावून घेतले. पहिल्या दिवशी फक्त सुरक्षा: डोळे धुण्याचा नळ कुठे, आग विझवण्याचे साधन कुठे, काच फुटली तर काय करायचे, मुलगी चक्कर येऊन पडली तर कोणाला फोन करायचा. तिसऱ्या दिवशी प्रत्येकाने दहा मिनिटे शिकवायचे, बाकीच्यांनी पहिल्या वर्षाची मुले व्हायचे, आणि ते सगळे चित्रित करून लगेच दाखवायचे. तिने त्या रात्री मला फोन केला. "मावशी, दहा मिनिटांत मी एकदाही वर्गाकडे बघितलं नव्हतं गं. आणि 'समजलं का?' असं नऊ वेळा विचारलं, पण उत्तराला एकदाही थांबले नाही."

पुढे सत्रभर दर आठवड्याला सगळ्या साहाय्यकांची तासभर बैठक होत असे आणि तीत पुढच्या आठवड्याचा प्रयोग त्यांना स्वतः करून पाहावा लागे, त्याच प्रयोगशाळेत, मुलांना मिळणाऱ्याच उपकरणांवर. मला या सगळ्यात सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट. चांगल्या उपकरणावर आलेले उत्तर ठाऊक असलेला साहाय्यक मुलाच्या गळक्या ब्युरेटला दोष देत नाही, तो मुलाला दोष देतो.

तिकडेही सगळे आलबेल आहे, असे मुळीच नाही. परदेशी साहाय्यकांचे इंग्रजी कळत नाही अशी ओरड तिथे १९८०च्या दशकात इतकी वाढली की काही राज्यांनी त्यासाठी कायदे केले आणि विद्यापीठांनी बोलण्याच्या चाचण्या सुरू केल्या. त्या तक्रारींतला काही भाग उच्चारांचा होता आणि काही भाग, स्पष्टच सांगायचे तर, चेहऱ्यांचा. कामाच्या बोजाचा प्रश्न तर आणखी मोठा आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या दहा संकुलांमधल्या सुमारे ४८,००० शैक्षणिक कर्मचाऱ्यांनी, त्यांत अध्यापन साहाय्यक मोठ्या संख्येने होते, १४ नोव्हेंबर २०२२ रोजी संप पुकारला. आपले विनियम अधिसूचित झाले त्यानंतर बरोबर एका आठवड्याने. तेव्हा तिकडची व्यवस्था जशीच्या तशी उचलावी, असे मला सुचवायचे नाही.

उचलण्याची गरजही नाही, कारण त्या दहा मिनिटांच्या पाठाला आपल्याकडे जुने नाव आहे: सूक्ष्म अध्यापन. ही पद्धत १९६०च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात निघाली खरी, पण आपल्या बी.एड. महाविद्यालयांत ती इतकी मुरली आहे की तिच्यासाठी ३६ मिनिटांचे भारतीय चक्रही ठरलेले आहे. सहा मिनिटे शिकवायचे, सहा मिनिटे प्रत्याभरण (फीडबॅक), बारा मिनिटांत पाठाची पुन्हा आखणी, सहा मिनिटे पुन्हा शिकवायचे आणि पुन्हा सहा मिनिटे प्रत्याभरण. एका वेळी एकच कौशल्य, मग ते प्रश्न विचारण्याचे असो किंवा फलकलेखनाचे. बहुतेक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राचा विभाग असतो, बऱ्याचदा रसायनशास्त्राच्या इमारतीपासून पाच मिनिटांच्या अंतरावर. माझ्या उभ्या नोकरीत त्या पाच मिनिटांच्या वाटेने कोणी ये-जा केल्याचे मला आठवत नाही. आमच्या लोकांना वाटायचे की शिक्षणशास्त्रवाल्यांना विषय कळत नाही आणि त्यांना वाटायचे की आम्हाला शिकवता येत नाही. दोघांचेही थोडेफार खरे होते. बी.एड.मधले पाठ टाचण कित्येकदा मागच्या बॅचच्या वहीवरून उतरवलेले असते, हेही मला माहीत आहे, आणि तो सोपस्कार तेवढा पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांच्या गळ्यात बांधू नये. सहा मिनिटांचा पाठ आणि त्यावर मित्राने केलेली खरी टीका एवढेच घ्यावे.

शिकता शिकता शिकवणे ही गोष्ट आपल्या मातीला परकी आहे, असेही कोणी समजू नये. पंतोजींच्या शाळेत मोठी मुले लहानांकडून धडे म्हणवून घेत असत. एकोणिसाव्या शतकात पेशव्यांच्या दक्षिणा निधीतून इंग्रजी अमदानीत दक्षिणा फेलो नेमले जाऊ लागले, न्या. महादेव गोविंद रानडे आणि रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे दोघेही तरुणपणी असे फेलो होते. आपल्या उच्च शिक्षणातील सर्वांत जुना अध्यापन साहाय्यक शोधायचा तर तो या फेलोंमध्ये सापडेल, आणि त्यांच्याकडे कोणी फुकटचा हरकाम्या म्हणून पाहत नसे.

उत्तरे तपासण्याच्या कामाबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण नव्या चार वर्षांच्या पदवीत अंतर्गत मूल्यमापनाला आलेले महत्त्व पाहता या कामाचा मोठा वाटा पुढच्या काळात संशोधक विद्यार्थ्यांच्याच अंगावर पडणार आहे. गुण देणे हे कौशल्य आहे आणि ते उपजत नसते. अमेरिकेत स्टार्च आणि इलियट या दोघांनी १९१२ साली इंग्रजीची एकच उत्तरपत्रिका शंभराहून अधिक शिक्षकांकडे तपासायला पाठवली, तेव्हा तिला कोणी १०० पैकी ६४ गुण दिले तर कोणी ९८. हे वाचून मी एकदा आमच्या विभागातल्या सात संशोधक विद्यार्थ्यांना पाच गुणांच्या प्रश्नाच्या एकाच उत्तराच्या झेरॉक्स प्रती दिल्या आणि एकमेकांशी न बोलता गुण द्यायला सांगितले. दीडपासून चारपर्यंत गुण आले. ज्याने दीड दिला होता त्याचे म्हणणे असे की समीकरण संतुलित नाही. ज्या मुलीने चार दिले होते तिचे म्हणणे, कल्पना पूर्ण कळलेली दिसते आहे. दोघांचीही बाजू ऐकण्यासारखी होती. तासभर वाद झाला, शेवटी समीकरणाला किती आणि स्पष्टीकरणाला किती हे त्यांनीच फळ्यावर ठरवले, आणि पुढचे उत्तर तपासताना सगळे अर्ध्या गुणाच्या फरकात आले. खर्च सात झेरॉक्स प्रतींचा. यासाठी ना निधी लागतो, ना कार्यशाळेचा फलक, ना पाहुण्यांसाठी शाल-श्रीफळ.

कलाशाखेची स्थिती आणखी बिकट आहे, कारण तिथे प्रॅक्टिकल नसल्यामुळे संशोधक विद्यार्थ्याकडे एकतर काहीच काम नसते, नाहीतर सर रजेवर गेले की आख्खा तास असतो. वेळापत्रकात ट्यूटोरियल असते ते कागदावर. इतिहासाच्या किंवा मराठीच्या पाचशे शब्दांच्या निबंधावर समासात तीन नेमकी वाक्ये कशी लिहावीत, हे शिकणे माझ्या मते ब्युरेट धरायला शिकवण्याइतकेच अवघड आहे. त्याबद्दल अधिकाराने लिहावे असे त्या शाखांतील कोणाला तरी माझे आवाहन आहे.

भाषेचा मुद्दा मात्र सर्व शाखांना सारखाच लागू पडतो. तालुक्याच्या ठिकाणी मराठी माध्यमातून बारावी झालेला मुलगा पहिल्या वर्षाला इंग्रजी पुस्तकांसमोर येतो तेव्हा मोठ्या वर्गात हात वर करून प्रश्न विचारण्याची त्याची हिंमत होत नाही. प्रॅक्टिकलच्या टेबलावर, आपल्यापेक्षा चार-पाच वर्षांनी मोठ्या आणि बऱ्याचदा तशाच गावातून आलेल्या ताईला तो विचारतो. "म्हणजे हे कॉन्सन्ट्रेशन म्हणजे तीव्रताच ना?" या प्रश्नाला 'हो' म्हणायला अर्धा सेकंद लागतो, आणि त्या 'हो'ने जे होते ते माझ्या तासाभराच्या व्याख्यानाने होत नसे. दुर्दैवाने नवखी साहाय्यक आपले वजन राखण्यासाठी नेमकी इंग्रजीच्या आडोशाला जाते. मीही गेले होते. वर्गात मराठी वापरली तर कमीपणा येत नाही, एवढे तिला पहिल्याच दिवशी विभागप्रमुखांनी सांगितले तरी पुष्कळ होईल.

मार्गदर्शक प्राध्यापकांचा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण मीही तो घेत असे: पोरांचा संशोधनाचा वेळ जातो. २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात डेव्हिड फेल्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. फक्त संशोधन करणारे विद्यार्थी आणि संशोधनाबरोबर शिकवणारेही विद्यार्थी यांनी वर्षाच्या सुरुवातीला आणि अखेरीला लिहिलेले संशोधन प्रस्ताव त्यांनी ताडून पाहिले, तेव्हा तपासता येईल असे गृहीतक मांडण्यात आणि प्रयोगाची आखणी करण्यात शिकवणाऱ्यांची प्रगती अधिक झालेली आढळली. मला याचे नवल वाटले नाही. "गुलाबी म्हणजे किती?" हा प्रश्न ज्याला दर आठवड्याला वीस जण विचारतात, तो स्वतःच्या मोजमापाबद्दलही तोच प्रश्न विचारू लागतो.

वेळेबद्दलच्या आक्षेपात तथ्य आहे ते वेगळ्या ठिकाणी. ४ ते ६ तास ही मर्यादा आहे आणि ती मर्यादा म्हणूनच पाळली गेली पाहिजे. तीन तासांची बॅच, तिची तयारी, बावीस जर्नले तपासणे आणि गुण भरणे हे सगळे त्यात धरले, तर आठवड्याला एका बॅचपेक्षा अधिक काम बसतच नाही. प्रत्यक्षात फक्त बॅचचे तास मोजले जातात, दोन बॅचेस दिल्या जातात, वर परीक्षेचे पर्यवेक्षण आणि परिसंवादाच्या दिवशी पाहुण्यांना स्टेशनवरून आणणे असते. आयआयटीसारख्या संस्थांत एम.टेक.च्या विद्यार्थ्याला मिळणारे साहाय्य आठवड्याला ८ तासांच्या कामाच्या अटीवर असते, म्हणजे निदान हिशेब दोन्ही बाजूंना माहीत असतो. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांत कोणाला अधिछात्रवृत्ती (फेलोशिप) असते, कोणाला काहीच नसते, आणि बॅच मात्र दोघांनाही सारखीच. ज्याला अधिछात्रवृत्ती नाही त्याच्याकडून हे काम करून घ्यायचे असेल तर त्याचा मोबदला दिला गेला पाहिजे. रिकाम्या पदाचे काम साहाय्यकाच्या नावाने उरकले जात असेल, तर त्या प्रकाराला प्रशिक्षण म्हणता येणार नाही, आणि अशा वेळी विद्यार्थ्याने नकार दिला तर त्याच्या प्रगती अहवालावर त्याची सावली पडणार नाही, ही हमी विद्यापीठाने लेखी द्यावी.

माझी मागणी त्यामानाने लहान आहे. सत्र सुरू होण्याआधीचे दोन दिवस प्रत्येक विभागाने या कामासाठी राखून ठेवावेत, आणि ते विभागातच व्हावे, सभागृहात सर्व शाखांना एकत्र बसवून नव्हे. पहिल्या दिवशी सुरक्षा, आणि सत्रातले पहिले चार प्रयोग मुलांच्याच उपकरणांवर करून पाहणे. दुसऱ्या दिवशी सहा मिनिटांचे पाठ आणि सात झेरॉक्स प्रतींचा तो खेळ. त्यात विभागातल्या लॅब असिस्टंट आणि अटेंडंट मंडळींना आवर्जून बसवावे. कोणत्या टेबलावरची ब्युरेट गळते आणि कोणत्या प्रयोगात मुले दर वर्षी कुठे अडतात, हे त्यांच्याइतके कोणालाच माहीत नसते. मग सत्रात किमान दोनदा, एकदा तिसऱ्या आठवड्यात आणि एकदा दिवाळीनंतर, अनुभवी अध्यापकाने त्या विद्यार्थ्याच्या बॅचमध्ये शेवटच्या स्टुलावर जाऊन बसावे, मध्ये एक शब्दही बोलू नये, आणि तास संपल्यावर त्याला चहाला न्यावे.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या आठ-दहा वर्षांत मी हे करत असे. पहिल्या वेळी विद्यार्थी घाबरतात, मग सरावतात, आणि तिसऱ्या वर्षाचा साहाय्यक पहिल्या वर्षाच्या साहाय्यकाच्या बॅचमध्ये स्वतःहून जाऊन बसू लागतो. मी न बोलता बसायचे ठरवूनही दोनदा उठून ब्युरेटला हात घातला होता. एका मुलाने मला अतिशय नम्रपणे थांबवले, "मॅडम, तिला करू द्या ना."

पुढच्या सत्राचे वेळापत्रक आता थोड्याच दिवसांत विभागाविभागांच्या फळ्यांवर लागेल. त्यात बॅच, वार, वेळ आणि संशोधक विद्यार्थ्याचे नाव असे चार रकाने असतात. त्यांच्या शेजारी पाचवा रकाना आखावा आणि त्या बॅचमध्ये मागे येऊन बसणाऱ्या अध्यापकाचे नाव त्यात लिहावे, एवढी विनंती आपल्या दैनिकाद्वारे सर्व विभागप्रमुखांना करते.

आपली विश्वासू,
रसायनशास्त्राची एक निवृत्त प्राध्यापिका,
पुणे